लाभ

परवापर्यंत या धावपट्टीवर तूर वाळत होती.
शिबिरवाल्यांनी झाडून घेतली, तरी डांबराच्या भेगांत
दाणे राहिलेच. विमान वळलं की
चाकाखाली कुटकुट फुटतात.

मी बाजार समितीचा मापारी.
मला बोलावलं होतं माणसं तोलायला.
पोरं एकेक चढत, पाठीवरच्या छत्रीसकट,
मी आकडा ओरडायचो सवयीनं,
जसा काही अडत्या वही उघडून बसलाय.
अमरावतीचा एक जण चढला, उतरला,
लघवीला जातो म्हणाला
आणि फाट्यावर काळीपिवळीत बसताना दिसला.

"जागा रिकामी झाली," धुर्वे सुभेदार म्हणाले.
वीस वर्षं पॅरा पलटणीत, गुडघ्यात अजून सळी.
"ढोलेभाऊ, तुम्ही या बरं काट्यावर."
चौसष्ट किलो आठशे.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
मी आकडा मोठ्यानं वाचला नाही.

पंचफुला हसली. "बंडीवरून पडले तं
आठ दिवस खाटेवर होते,
आता ढगातून पडता?"
मग हसायची थांबली.
डब्यात झुणका जरा जास्तच भरला.

दोन दिवस त्याच बंडीवरून उड्या.
गुडघे जुळलेले, हनुवटी छातीला, कुशीवर लोळण.
"जमिनीशी भांडायचं नाही,
येईल तशी घ्यायची."
पट्टा विमानाला बांधलेला, छत्री आपोआप उघडते,
आपण फक्त पाचपर्यंत मोजायचं, मग वर बघायचं.
आणि नाही उघडली तर?
हे मी सात वेळा विचारलं.
सात वेळा त्यांनी छातीवरची दुसरी मूठ दाखवली.
आठव्यांदा बिडी दिली.

रात्री टिनाखाली पडल्या पडल्या
माझे पाय आपोआप जुळायचे.

विमानाला दारच नव्हतं. नुसतं भगदाड,
त्यात वारा, आणि वाऱ्याच्या तळाशी
हरभऱ्याचे हिरवे तुकडे, उभी पऱ्हाटी,
पूर्णेचं खारट, पांढरट पात्र.
धुर्व्यांनी खांद्यावर थाप मारली.
मी उडी मारली, असं मी सगळ्यांना सांगतो.
खरं म्हणजे हात सुटला.

एक हजार, दोन हजार असं मोजायला शिकवलं होतं.
तोंडातून निघालं, "लाभ."
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही.
बापानं पायली हातात दिली तेव्हाच सांगितलेलं,
रास कोणाची का असेना.
लाभ.
दोन.
तीनला आवाज माझाच होता का, माहीत नाही.
चार कुठं गेले,
आणि मग कोणी पोत्याचं तोंड धरून
हिसक्यानं वर उचलावं, तसा मी
थांबलो.

वर पाहिलं. होती. चौकोनी, भगवट, भरलेली.

इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.
कुठंतरी गिरणी चालू होती.
एक कुत्रं भुंकत होतं, बहुतेक माझ्यावर.
धावपट्टीच्या कडेला माझा काटा चमकला, ताटलीएवढा.
त्यावर शून्य असणार.
कोणी नसलं की तो शून्यच दाखवतो.

आडवा वारा लागला, बाणापासून लांब गेलो,
आणि सरळ एकीच्या हरभऱ्यात लोळलो.
तोंड झाडांत. ओठांवर आंब.
जिवंत असल्याची चव आंबट असते,
निदान त्या वावरात होती.

"अरे कोण्या गावचा तू? पीक तुडवलं माह्यं!"
विळा घेऊन म्हातारी धावत आली,
छत्री पाहिली, आभाळ पाहिलं, मला पाहिलं.
"लागलं तं नाही?"
नाही म्हणालो.
"मंग भरून दे."

उपटलेली झाडं गोळा केली, जुडी हातावर धरली.
अर्धा किलो, मी म्हणालो.
हात थरथरत होता,
पन्नास ग्रॅम इकडं तिकडं.